आधी करंट, मग पेट्रोल

पळताना गाडीची काही तक्रार नव्हती. चौथ्या गिअरला पन्नास-साठच्या वेगाने ती शांत जायची, चढालाही मागे हटायची नाही. तक्रार होती ती थांबल्यावर. सिग्नलला एक्सिलरेटरवरून पाय काढला की बॉनेट थरथरायला लागायचं, आतला आरसा हलायचा, मागून एक्झॉस्टचा तुटक, लंगडा आवाज यायचा. पाय जरासा दाबून धरला तर सावरायची, सोडला तर बंद. कोल्हापूरच्या दाभोळकर कॉर्नरला मागे एसटी आणि तिच्या मागे रिक्षांची रांग असताना गाडी अशी बंद पडली की स्टार्टर मारता मारता हाताला घाम सुटतो.

त्यातही तिच्या दोन-तीन तऱ्हा होत्या. सकाळी थंड इंजिनाला चोक ओढून चालू केली की ती अगदी सुरळीत चालायची. चोक आत ढकलला की थरथर सुरू. तास-दीड तास चालवून झाल्यावर, उन्हाळ्यात तर हमखास, ती अचानक पूर्ण बंद पडायची. मग काही केल्या चालू व्हायची नाही. बॉनेट उघडं टाकून पंधरा-वीस मिनिटं सावलीत बसलं की पहिल्याच सेल्फला चालू.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ सालची, सासऱ्यांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीतल्या फियाटच्या ११०० मॉडेलवरून ही गाडी बनत असे. पद्मिनी हे नाव तिला सत्तरच्या दशकात मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. एक कार्बोरेटर, एक कॉइल आणि एक डिस्ट्रिब्युटर, ज्याला आपल्याकडच्या गॅरेजांत डेल्को म्हणतात. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, बिघाड झाला तर पेटणारा दिवा नाही. जे काही कळायचं ते कानाने, नाकाने आणि बोटांनी. मी तंत्रनिकेतनात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे अशा यंत्राबद्दल मला पहिल्यापासून ओढ आहे. त्यातली प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी दिसते आणि तिचं कारण सांगता येतं.

पण कारण सांगायला कुणी तयार नव्हतं. ज्या ज्या गॅरेजात गाडी नेली तिथे पहिला पाना कार्बोरेटरलाच लागला. “कचरा आलाय मॅडम, साफ करून देतो.” साफ झाला, गाडी चार दिवस बरी चालली, पुन्हा तेच. दुसरीकडे कार्बोरेटरचं किट टाकलं. तिसरीकडे कॉइल बदलली, प्लग बदलले, स्लोचा, म्हणजे उभ्या गाडीच्या गतीचा, स्क्रू पिळून इंजिनाची गती इतकी वाढवली की गाडी सिग्नलला बंद पडेना, पण उभ्या उभ्याच गुरगुरायला लागली आणि पेट्रोल प्यायला लागली. त्या मुलांना मी दोष देणार नाही. त्यांच्या हाताखालून दिवसभर इंजेक्शनच्या गाड्या जातात. स्कॅनर लावायचा, कोड वाचायचा, भाग बदलायचा. पद्मिनीला स्कॅनर कुठे लावणार? मला टोचत होती ती एकच गोष्ट. प्रत्येकाने काहीतरी बदललं, पण गाडी नेमकी कशी आणि कधी बंद पडते, हे कुणी विचारलं नाही.

ते विचारणारा माणूस मला उद्यमनगरात भेटला. लेथच्या दुकानांच्या एका बोळात त्यांची पत्र्याची शेड आहे. वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात होते, म्हणजे ऐन उमेदीची वर्षं काळ्या-पिवळ्या पद्मिन्यांच्या पोटात डोकं घालण्यातच गेलेली. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, मीही तेच म्हणते. मी बॉनेट उघडायला गेले तर त्यांनी हाताने थांबवलं.

“ऱ्हाऊ दे ताई. आधी सांगा, बंद कशी पडती? धाडदिशी, का गुदमरत?”

मी म्हटलं, दोन्ही. सिग्नलला गुदमरत, आणि तापल्यावर धाडदिशी.

“मग दोन आजार हायती,” ते म्हणाले. “एक समजून औषध दिलं म्हणून लागू पडंना.”

हे इतकं साधं वाक्य, पण त्याने माझ्या डोक्यातला सगळा गुंता सुटला. पेट्रोल कमी पडतं तेव्हा इंजिन आचके देत, गती सोडत, कधी सावरत, कधी पुन्हा घसरत थांबतं, कारण कार्बोरेटरच्या बाऊलमधलं पेट्रोल एका क्षणात संपत नाही. करंट गेला तर तसं होत नाही. किल्ली फिरवून बंद करावी तसं ते मध्येच तुटतं. पहिलं लक्षण एका यंत्रणेचं, दुसरं दुसरीचं. इतके दिवस आम्ही दोन्ही लक्षणांना एकच नाव देत होतो.

मिस्त्रींची शिस्त ठरलेली होती. आधी इंजिनाचा दम, मग करंट, आणि सगळ्यात शेवटी पेट्रोल. शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ती बदलून गाडी चालवायची, मगच पुढची. “आधी करंट, मग पेट्रोल. कार्बोरेटरला अजून हात लावायचा न्हाई.” कार्बोरेटर हा सगळ्यात नाजूक भाग, बाकी सगळं ठीक आहे याची खात्री नसताना त्याचे स्क्रू फिरवले तर हातातला एकमेव भरवशाचा खुंटा सुटतो. मला ही शिस्त प्रयोगशाळेतली वाटली आणि मी मनापासून खूश झाले.

दम म्हणजे कॉम्प्रेशन. चारही प्लग काढून गेज लावलं, आकडे एकमेकांच्या जवळ आले. टॅपेट फिलर गेजने तपासले. एका एक्झॉस्ट व्हॉल्वची फट अगदीच कमी झाली होती, ती सेट केली. फट संपली की इंजिन तापल्यावर व्हॉल्व नीट बसत नाही आणि स्लोला तो सिलिंडर आळसावतो. इथे थोडा फरक पडला, पण मूळ थरथर तशीच.

मग डेल्को. झाकण काढून त्यांनी आतला शाफ्ट बोटांत धरून आडवा हलवून पाहिला. तो डगडगत असेल तर पॉइंटची फट प्रत्येक सिलिंडरला वेगळी पडते आणि मग कितीही सेट करा, स्लो एकसारखा लागत नाही. शाफ्ट घट्ट होता. पॉइंटच्या दोन्ही तोंडांवर मात्र निळसर काळपटपणा आणि एका बाजूला बारीक खळगा होता. त्यांनी पॉइंट काढून कानशीने सपाट केले, पंधरा थाऊची फट ठेवली, म्हणजे मिलिमीटरच्या चार दशांशांहून किंचित कमी, टेस्ट लॅम्प लावून टाइमिंग पाहिलं. मग कॉइलची मधली वायर बॉडीजवळ धरून सेल्फ मारायला लावला. निळी, जाड, कडकडीत ठिणगी पडली. “थंड असताना करंट झ्याक हाय. खळगा ध्यानात ठेवा मात्र,” एवढंच म्हणाले आणि पुढे गेले.

आता इंजिन चालू ठेवून, रबरी मुठीच्या पकडीने त्यांनी एकेका प्लगची वायर उपसून पाहिली. वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही तर दोष तिथे. या गाडीची पेट घ्यायची क्रमवारी एक-तीन-चार-दोन. चारही वायरींना इंजिन सारखंच लंगडलं. म्हणजे दोष एखाद्या सिलिंडरचा नव्हता. चौघांना सामाईक असलेल्या कशाचा तरी होता. प्लगचे रंग पाहिले. चांगल्या इंजिनाचा प्लग बिस्किटी रंगाचा असतो, पेट्रोल जास्त झालं की काजळी धरतो. माझे चारही पांढुरके होते. पेट्रोल कमी, हवा जास्त.

इथे मला एक कागद आठवला आणि मी तो डॅशबोर्डच्या खणातून काढला. पीयूसीची पावती. पीयूसीची तपासणी उभ्या गाडीची, स्लोवरच होते, त्यामुळे ती आपल्याला फुकटात इंजिनाचा श्वास मोजून देते. आपण मात्र ती काचेवर लावायचा कागद समजतो. पावतीवर कार्बन मोनॉक्साइड अगदी कमी होता आणि हायड्रोकार्बन वर चढलेला. पेट्रोल जास्त असतं तर मोनॉक्साइड वाढला असता. तो कमी असून न जळलेलं पेट्रोल बाहेर येतंय, याचा अर्थ मिश्रण इतकं पातळ आहे की मधूनमधून पेटतच नाही आणि तसंच बाहेर फेकलं जातं. चोक ओढल्यावर गाडी नीट चालते, तीही याच कारणाने. चोक हवा कमी करतो. प्लग, पावती, चोक, तिघांची साक्ष एक. मिस्त्रींनी पावती डोळ्यांजवळ धरून वाचली आणि म्हणाले, “ह्ये बरं आणलंसा.”

पातळ मिश्रणाला कारणं दोन. पेट्रोल कमी येतंय किंवा हवा कुठून तरी चोरून आत शिरतेय. स्लोला थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. तेव्हा इंजिन मुख्य जेटमधून पेट्रोल घेत नाही. पायलट जेटच्या जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या भोकातून घेतं. तिथे धुळीचा कण अडकला तरी स्लो बिघडतो, आणि पळताना मात्र काही कळत नाही. पण तो जेट इतक्यांदा साफ झाला होता की त्याच्याकडे संशय जाईना. मिस्त्रींनी तो भिंगातून पाहिला तेव्हा एक बरी गोष्ट कळली, कुणी त्यात तार घातलेली नव्हती. जेट हवेनेच साफ करायचा असतो. तारेने भोक किंचित मोठं झालं किंवा ओरखडलं की तो जेट त्या मापाचा राहत नाही.

म्हणजे राहिली चोरीची हवा. कार्बोरेटरच्या बुडाखालचं पॅकिंग, नळ्यांचे सांधे, सगळीकडे त्यांनी ब्रशने ऑइल फिरवलं. काही नाही. मग त्यांनी ऑइलची कुप्पी घेतली आणि थ्रॉटलचा शाफ्ट कार्बोरेटरच्या बॉडीतून जिथे बाहेर येतो, तिथे, लिव्हरच्या बाजूला, एकेक थेंब सोडला. मी वाकून पाहत होते. पहिला थेंब शाफ्टभोवती गोल पसरला, क्षणभर थांबला आणि आत ओढला गेला. दुसरा सोडला, तोही गेला. तिसऱ्या-चौथ्या थेंबाला फट भरली आणि इंजिनाची थरथर थांबली. अगदी थांबली. आरसा स्थिर झाला, आवाज एकसंध झाला. चार-पाच सेकंद ते तसं चाललं, मागून निळसर धुराची एक झुळूक आली, म्हणजे ऑइल आत जाऊन जळलं, आणि पुन्हा लंगडायला लागलं. इतके पैसे, इतके भाग, इतकी गॅरेजं, आणि उत्तर तेलाच्या चार थेंबांत.

शाफ्ट आणि त्याचं भोक इतक्या वर्षांत झिजलं होतं. परतीच्या स्प्रिंगचा ओढा लिव्हरच्या बाजूलाच असतो, म्हणून भोक त्या बाजूला लांबट होतं. झडप बंद असताना इंजिनाची ओढ सगळ्यात जास्त आणि आत जाणारी एकूण हवा सगळ्यात कमी, त्यामुळे केसाएवढ्या फटीतून येणारी हवाही तेव्हा फार होते. झडप उघडली की ओढ कमी, हवा भरपूर, फट नगण्य. चिरलेल्या नळीने सरबत ओढायला गेलं की तोंडात नुसती हवा येते, तसं हे. म्हणून पळताना काही वाटत नव्हतं. किट टाकूनही उपयोग का झाला नाही तेही कळलं. किटमध्ये पॅकिंग असतात, नीडल व्हॉल्व असतो, डायफ्राम असतो. झिजलेलं भोक कुठल्याच किटमध्ये मिळत नाही.

याचा इलाज कोल्हापुरात होणं फार सोपं आहे, आणि या गावाबद्दल मला त्याचा अभिमान वाटतो. शेडपासून हाकेच्या अंतरावर लेथवाले. झडपेचे दोन बारीक स्क्रू मागून ठोकून पसरवलेले असतात, सुटून इंजिनात पडू नयेत म्हणून. ते कानशीने घासून काढले, शाफ्ट ओढून काढला. लेथवाल्याने दोन्ही भोकांना एकाच दमात, एका सरळ रेषेत रीमर मारला. हे महत्त्वाचं, कारण भोकं रेषेत नसली तर झडप अडकते, आणि अडकलेली उघडी झडप म्हणजे रस्त्यावर जिवाशी खेळ. गनमेटलचे दोन छोटे बुश काढून दाबून बसवले, नवा शाफ्ट मापात घासून घेतला. शाफ्ट बुशमध्ये घालून लेथवाल्याने तो दोन बोटांनी फिरवला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. तो रेशमासारखा फिरत होता आणि कुठल्याही बाजूला हलत नव्हता.

कार्बोरेटर बसवल्यावर स्लो लावणं हा मिस्त्रींचा खास भाग. गती कमी करत आणायची, मिश्रणाचा स्क्रू इंजिन अडखळेपर्यंत आत, मग हळूहळू बाहेर, आवाज गोल होईपर्यंत. पुन्हा गती थोडी खाली, पुन्हा मिश्रण. डोळे मिटून, तळहात व्हॉल्व कव्हरवर ठेवून ते हे करत होते. मी टॅकोमीटर लावून पाहिलं तर काटा आठशेच्या आसपास थांबला होता.

सिग्नलची थरथर गेली. राहिला दुसरा आजार.

तो उन्हाची वाट पाहत होता. एप्रिलमध्ये आम्ही मुद्दाम पन्हाळ्याला गेलो, मिस्त्री बाजूच्या सीटवर, पायाशी हत्यारांची पिशवी. चढताना काही झालं नाही. उतरून वाघबीळला चहासाठी थांबलो, इंजिन मुद्दाम चालू ठेवलं. गाडी चालत असते तेव्हा समोरून वारा लागतो; उभ्या गाडीत इंजिनाची उष्णता वर चढत राहते आणि बॉनेटखालचा प्रत्येक भाग चालताना असतो त्याहून जास्त तापतो. चहा अर्धा झाला नाही तोच गाडी बंद. आचका नाही, काही नाही.

उन्हाळ्यात अशी गाडी बंद पडली की रस्त्यावरचा प्रत्येक जण पहिल्यांदा एसी पंपावर ओलं फडकं टाकायला सांगतो, म्हणजे पेट्रोलच्या पंपावर. तो सल्ला चुकीचा नाही. नळीत पेट्रोलची वाफ धरली की पंप ती ढकलू शकत नाही, थंड केलं की वाफ विरते. पण हे तपासता येतं, अंदाज करावा लागत नाही. मिस्त्रींनी एअर फिल्टर उचलला आणि थ्रॉटल हाताने झटक्यात उघडला. एक्सिलरेटर पंपाची स्वच्छ धार घशात पडली. पेट्रोल आहे. मग डेल्कोचं झाकण काढलं, किल्ली चालू, कॉइलची वायर बॉडीजवळ, आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पॉइंट उघडले. वायरीपाशी ठिणगी जवळजवळ नाहीच, एक मरतुकडी पिवळी रेघ. पॉइंटच्या तोंडावर मात्र लखकन उजेड. आणि ज्या तोंडांना त्यांनी कानशीने आरशासारखं केलं होतं, तिथे तोच खळगा पुन्हा उगवला होता.

“कंडेन्सर,” आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

बोटाच्या पेराएवढी ही पत्र्याची डबी. पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलमधला प्रवाह एकदम थांबायला तयार नसतो. पॉइंटच्या फटीतून उडी मारून वाहत राहायला बघतो. कंडेन्सर त्या क्षणी तो प्रवाह स्वतःत घेतो, त्यामुळे कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र झटक्यात कोसळतं आणि त्या कोसळण्यातूनच प्लगला हजारो व्होल्ट मिळतात. आठशेच्या गतीला चार सिलिंडरच्या इंजिनात हे मिनिटाला सोळाशे वेळा घडतं. कंडेन्सर गळका झाला की प्रवाह सावकाश विझतो, पॉइंट जळतात आणि प्लगपर्यंत जेमतेम काही पोचतं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास बसवून दिलेली ही रचना माझ्या गाडीपर्यंत जवळजवळ तशीच आलेली आहे, आणि तिच्यातला सगळ्यात स्वस्त भाग हाच सगळ्यात दगाबाज.

मला तो बदलून मोकळं व्हायचं नव्हतं, पाहायचं होतं. तो काढून मी प्रयोगशाळेत नेला. थंड असताना धारकता मीटरवर ०.२ मायक्रोफॅरडच्या जवळ, जशी असायला हवी तशी. इलेक्ट्रिकल विभागातून इन्सुलेशन तपासायचा मेगर आणला. थंड असताना गळतीही फारशी नाही. मग केस वाळवायच्या ड्रायरने त्याला गरम करत गेले, शेजारी थर्मामीटर. साठ अंशांपर्यंत काटा हलला नाही. सत्तरच्या पुढे तो सरकायला लागला आणि ऐंशीच्या आसपास इन्सुलेशन साफ बसलं. ड्रायर बंद केला, थंड झालं, काटा परत आपल्या जागी. पंधरा-वीस मिनिटं सावलीत बसलं की गाडी का चालू व्हायची, ते टेबलावर समोर दिसत होतं. दुसऱ्या वर्षाची मुलं भोवती उभी होती. धारित्राचं, म्हणजे कंडेन्सरचं, सूत्र त्यांना पाठ होतं. धारित्र तापून मरतं आणि थंड होऊन जिवंत होतं, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. आता दरवर्षी मी तो कंडेन्सर वर्गात नेते.

नवा मिळवणं सोपं गेलं नाही. बाजारात पद्मिनीला बसतील असे कंडेन्सर मिळतात, पण मी आणलेल्यांतले काही गरम केल्यावर जुन्यासारखेच वागले. शेवटी मिस्त्रींनी मुंबईहून आणलेल्या जुन्या मालाच्या डब्यातून एक काढला, तो ड्रायरच्या परीक्षेत उतरला. बसवतानाही आम्ही एक बदल केला. तो डेल्कोजवळच्या उष्णतेत न ठेवता आखूड वायरीने बाहेर, कॉइलच्या पट्ट्याला लावला. वीजमार्ग तोच राहतो, फक्त अर्थिंग पक्कं हवं. रंग खरवडून पत्रा उघडा केला आणि मग नट आवळला. त्यानंतर मे महिन्यात पन्हाळा झाला, आंबोली झाली, दुपारी दोनला ताराराणी चौकातल्या गर्दीत उभं राहणं झालं. धाडदिशी बंद पडणं संपलं.

एक तिसरी गोष्ट या सगळ्यात हाती लागली, ती सांगायलाच हवी, कारण ती फक्त माझ्या गाडीपुरती नाही. फ्लोट बाऊलच्या तळाशी काळी भुकटी होती. बोटावर चोळली तर रबर. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचं प्रमाण देशात २०२२ साली दहा टक्क्यांवर गेलं आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर. हे इथेनॉल बऱ्याच प्रमाणात उसातून येतं, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या शिवारांतून आणि कारखान्यांतून. ऊस उत्पादकांच्या घरातली मी मुलगी, उसाला भाव मिळतो याचा मला आनंदच आहे. पण १९८६ सालच्या नळ्या आणि डायफ्राम या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, नंतर भुरभुरतं. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्याला जळायला हवा कमी लागते. एक किलो पेट्रोलला सुमारे साडेचौदा किलो हवा, तर इथेनॉलला नऊ. जुन्या जेटने त्याच मापाचं पेट्रोल दिलं तर मिश्रण आपोआप पातळ होतं, आणि इंजेक्शनच्या गाडीसारखं कार्बोरेटरला ते ओळखून सुधारता येत नाही. माझ्या झिजलेल्या शाफ्टने आधीच पातळ केलेल्या मिश्रणावर हा आणखी एक भार होता. इथेनॉल पाणीही ओढतं. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत ते तळाशी वेगळं होऊन बसतं. म्हणून मी सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या टाकल्या, पंपाचा डायफ्राम बदलला, पायलट जेट एक माप मोठा घातला आणि पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवायचं सोडलं. पुढच्या पीयूसीला हायड्रोकार्बन खाली आला होता.

पद्मिनी ठेवणाऱ्यांपुढे आता खरी अडचण भागांची आहे. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. हजारो टॅक्सी चालत होत्या तोवर त्यांच्यासाठी कंडेन्सर बनत होते, पॉइंट बनत होते, गल्लीबोळात मिळत होते आणि ते बसवणारे हातही होते. ती मागणीच गेली. मिस्त्रींच्या डब्यात अजून काही कंडेन्सर आहेत, आणि ते कुणालाही विकत नाहीत, गाडी समोर उभी करावी लागते.

म्हणून आम्ही दोघांनी एक काम हाती घेतलं आहे. रविवारी सकाळी मी त्यांच्या शेडमध्ये जाते, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर घेऊन. ते जुना भाग हातात देतात, मी माप घेते, आकृती काढते, कोणता धातू, किती फट, कुठे झिजतो ते लिहिते. थ्रॉटलचा बुश झाला, शाफ्ट झाला, डेल्कोचा शाफ्ट आणि त्याचा बुश झाला, पाण्याच्या पंपाचं सील झालं. शेजारचा लेथवाला मापं तपासून देतो. गेल्या महिन्यात इचलकरंजीहून एकाने कार्बोरेटर आणला होता. मिस्त्री गावाला गेले होते. वहीतलं पान पाहून लेथवाल्याने एकट्यानेच बुश काढले आणि ते बसले. या रविवारी पेट्रोल पंपाच्या लिव्हरची पिन घ्यायची आहे, ती फार लवकर झिजते असं मिस्त्रींचं म्हणणं आहे.